पार्श्वभूमी : सिगारचा ओलावा आणि ७० चा हट्ट

सिगार स्वस्तात नीट कशी ठेवावी, ही चर्चा बहुतेक वेळा वस्तूंच्या यादीपासून सुरू होते. प्लॅस्टिकचा डबा, मिठाची वाटी, मांजराच्या शौचपेटीत घालायची सिलिका, ओलावा सांभाळणारे पाऊच. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू भलत्याच कामासाठी जन्माला आली आणि सिगारवाल्यांनी ती पुढे उचलली. या सगळ्यांच्या मुळाशी मात्र एकच आकडा आहे, ७०, म्हणजे सिगारभोवतीच्या हवेत ठेवायच्या आर्द्रतेची टक्केवारी. त्याने घातला तेवढा घोळ दुसऱ्या कशानेच घातलेला नाही.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १८६० च्या दशकात अमेरिकेने करवसुलीसाठी सिगार पेट्यांत भरून, वर कराचं तिकीट चिकटवून विकण्याची सक्ती केली आणि लाकडी पेटी सगळीकडे पोचली. या पेट्यांसाठी जे लाकूड नावाजलं त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. ते स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. महोगनीच्या कुळातलं, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं ते झाड आहे. त्याचं लाकूड हवेतला ओलावा शोषतं, हवा कोरडी झाली की परत सोडतं आणि त्याचा वास किड्यांना मानवत नाही. पुढे त्याच लाकडाचं अस्तर लावलेल्या जड, घट्ट झाकणाच्या पेट्या आल्या. ‘ह्युमिडॉर’ हा त्यांच्यासाठीचा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तो बेतला आहे ‘कस्पिडॉर’वर, म्हणजे पिकदाणीवर. चकचकीत पॉलिशच्या महागड्या पेट्या विकणारे ही व्युत्पत्ती सहसा सांगत नाहीत.

ज्यांना अशी पेटी परवडत नव्हती ते काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा वापरत. ओलाव्यासाठी आत ओला स्पंज, सफरचंदाची फोड, बटाट्याची चकती, नाहीतर भिजवलेला विटेचा तुकडा. या सगळ्या उपायांत दोष एकच होता: ते फक्त पाणी देत, घेत नसत. बंद डब्यातला ओला स्पंज आतली हवा हळूहळू पूर्ण संपृक्त होण्याकडे ढकलत राहतो. सिगार आधी फुगते, मग तिचं वरचं पान चिरतं, शेवटी बुरशी धरते. फळाची फोड तर स्वतःची बुरशी घेऊनच यायची.

१९५४ मध्ये फुलांच्या सजावटीसाठी एक हिरवा फेस बाजारात आला. वजनाला हलका, पण कितीतरी पट पाणी धरणारा. पुढे भोकांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत हाच फेस घालून तो ह्युमिडॉरच्या झाकणाला आतून चिकटवायची पद्धत पडली. ही डबी तयार घेतली तर महाग आणि फुलवाल्याकडून फेसाची वीट आणून सुरीने कापली तर जवळपास फुकट. हा शोध ज्यांना आधी लागला त्यांनाच या विषयातले पहिले काटकसरी म्हणायला हरकत नाही.

फेसात साधं पाणी न घालता प्रॉपिलीन ग्लायकोल (पाण्यात मिसळणारं एक द्रवरूप रसायन) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालायचं, हे त्याबरोबरच आलं. डिस्टिल्ड अशासाठी की नळाच्या पाण्यातले क्षार फेसाची छिद्रं बुजवतात. ग्लायकोल बुरशीला रोखतं आणि आर्द्रता आपोआप ७० वर धरतं, असं सांगितलं गेलं. पहिला दावा बराचसा खरा आहे. दुसऱ्याला हिशेब लावावा लागतो. ग्लायकोलचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा चौपटीहून जड असल्यामुळे निम्म्या-निम्म्या मिश्रणात दर दहा रेणूंपैकी सुमारे आठ पाण्याचे असतात. बंद जागेतली आर्द्रता साधारण याच प्रमाणावर स्थिरावते, म्हणजे ताजं मिश्रण ७० च्या नव्हे, ८० च्या आसपासची हवा मागतं. पाणी थोडं उडून मिश्रण घट्ट झालं की ते ७० वर येतं आणि पुढे खालीच जात राहतं. अधूनमधून पाणी घालत राहिलं तर बेत जमतो, पण ‘आपोआप’ हा शब्द मात्र जाहिरातीतला.

१९९२ ते १९९७ ही या विषयातली सगळ्यात गजबजलेली वर्षं. अमेरिकेत सिगारची अचानक लाट आली आणि हाती वळलेल्या सिगारची आयात पाच वर्षांत जवळपास चौपट झाली. नव्या शौकिनांना पेट्या हव्या होत्या आणि स्वस्त पेट्या लाटेबरोबर येऊन धडकल्या: पातळ प्लायवूड, वर व्हिनिअर, झाकणावर काच आणि त्या काचेत बसवलेला तबकडीचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक. यातल्या पुष्कळ पेट्यांचं झाकण इतकं सैल असे की आत काहीही ठेवलं तरी काटा खोलीतल्या हवेबरोबर हलत राही. आणि तो काटा तरी कशाचा? केसाची लांबी ओलाव्याने बदलते, या तत्त्वावर १७८३ मध्येच एका स्विस संशोधकाने चांगला हायग्रोमीटर केला होता. स्वस्त तबकडीत मात्र केस नसतो, एक गुंडाळलेली पट्टी असते. ती दहा-दहा टक्क्यांनी चुकते आणि ठामपणे चुकते.

याच लाटेत ७०/७० चा नियम घट्ट झाला. ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस. दोन सात शेजारी आल्याने लक्षात ठेवायला सोपा. त्याच्या लोकप्रियतेत एवढ्याच गोष्टीचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. सिगारेटच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक तंबाखू २२ अंश आणि ६० टक्क्यांवर स्थिरावायला सांगतं. सिगारची पानं वेगळी आणि ओढण्याची तऱ्हाही वेगळी, त्यामुळे आकडे जुळायलाच हवेत असं नाही. पण ७० हा निसर्गाने ठरवून दिलेला आकडा नाही, एवढं यावरून कळतं.

खरा गुंता ‘सापेक्ष’ या शब्दाचा. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ जास्तीत जास्त धरू शकेल, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे. २१ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १८ ग्रॅमच्या थोडी वर वाफ मावते, १६ अंशांना साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. यावरून काही चिकित्सक शौकिनांनी असा तर्क मांडला की टक्केवारी फसवी आहे, सिगारला खरी पर्वा हवेतल्या पाण्याच्या ग्रॅमांची. म्हणून खोली थंड असेल तर टक्केवारी वाढवा, गरम असेल तर घटवा. तसे तक्तेही फिरू लागले. तर्क शास्त्रीय वाटतो आणि आकडेमोडही बरोबर असते. तरी निष्कर्ष चुकीचा निघतो. २१ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत जितकी वाफ असते तितकीच १६ अंशांना ठेवायची तर टक्केवारी ९४ होईल. त्या डब्यात सिगार नाही, बुरशीची शेती होईल.

चूक होते ती डबा रिकामा धरल्यामुळे. वीस लिटरच्या डब्यातली हवा २१ अंशांना, ७० टक्क्यांवर, जेमतेम पाव ग्रॅम पाणी धरते. त्याच डब्यातल्या एकेका जाडजूड सिगारमध्ये एक ग्रॅमच्या वर पाणी असतं. पन्नास सिगार ठेवल्या तर पाण्याचा साठा हवेच्या शेकडो पट. अशा डब्यात काय ठरवायचं ते हवा ठरवत नाही, तंबाखू ठरवते. आणि तंबाखूचं पान, लाकडासारखंच, किती पाणी धरायचं हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवरून ठरवतं. तापमानाचा परिणाम होतो, पण थोडा. रिकामा डबा तापला की आतली टक्केवारी पडते. भरलेला डबा तापला की ती किंचित वर चढते, कारण पानं पाणी सोडतात. संग्रहालयांत लाकडी आणि कागदी वस्तूंच्या काचपेट्यांवर काम करणाऱ्यांना हे १९६० च्या दशकापासून ठाऊक होतं. सिगारवाल्यांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला आणि मधल्या काळात टक्केवाल्यांनी आणि ग्रॅमवाल्यांनी एकमेकांना अडाणी ठरवून झालं.

याच वादाच्या धुराळ्यात ७० चा आकडा खाली घसरत ६५ वर आला. क्युबाच्या सिगार जमवणारे तर ६२ पर्यंत उतरले. ७० वर ठेवलेली सिगार मऊ पडते, एकसारखी पेटत नाही आणि सारखी विझते, अशी त्यांची तक्रार. ती रास्त आहे. सादळलेली सिगार ओढणं म्हणजे ओल्या लाकडावर चूल पेटवणं.

हवा नव्हे तर तंबाखूच पाण्याचा साठा धरते, हे एकदा मान्य केलं की महागड्या पेटीची गरज जवळजवळ उरत नाही. मुख्य काम ओलावा पुरवणं नसून तो निसटू न देणं, हे ठरतं. हे काम चार बाजूंनी खटके बसणारा, सिलिकॉनची वळी लावलेला स्वयंपाकघरातला डबा अनेक ह्युमिडॉरांपेक्षा चोख करतो. हवाबंद झाकणाचे प्लॅस्टिक डबे १९४० च्या दशकापासून होते, १९५० च्या दशकात सहलीची बर्फपेटीही आली. सिगार ठेवायला ही मंडळी मात्र सर्रास वापरात आली ती २००० च्या आसपास. मग नावंही पडली: डब्याला ‘टपरडोर’, बर्फपेटीला ‘कूलिडोर’ आणि वाइनच्या छोट्या कपाटाला ‘वाइनडोर’. शेवटचं फार स्वस्त नाही, पण त्यातला पेल्टिअर परिणामावर, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेच्या प्रवाहाने थंड होण्यावर, चालणारा प्रकार कॉम्प्रेसरच्या फ्रिजइतकी हवा सुकवत नाही, म्हणून तो निवडला जातो. सिगारच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या या डब्यांत टाकल्या की वासाचाही प्रश्न सुटतो.

मग उरतं थोडं भर घालण्याचं आणि थोडं काढून घेण्याचं काम. इथे मीठ येतं. साध्या मिठाचा संपृक्त लगदा, म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ शिल्लक असलेला, बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणतो. हवा कोरडी असेल तर पाणी देतो, दमट असेल तर घेतो. १० ते ४० अंशांपर्यंत त्याचा आकडा टक्काभरही ढळत नाही. वेगवेगळ्या क्षारांचे असे आकडे १९७७ मध्ये अमेरिकेत तपासून छापले गेले. २५ अंशांना पोटॅशियम आयोडाइडचा ६९ आणि सोडियम ब्रोमाइडचा ५८ च्या थोडा खाली. ७५ हा सिगारसाठी जरा जास्तच, शिवाय मिठाचे स्फटिक वाटीच्या कडेवरून चढून बाहेर येतात. त्यामुळे मीठ साठवणीत फारसं टिकलं नाही; टिकलं ते हायग्रोमीटर तपासण्यासाठी. बाटलीच्या झाकणात मिठाचा ओला लगदा आणि शेजारी हायग्रोमीटर, दोन्ही एका बंद पिशवीत दिवसभर. काटा ७५ न दाखवता ७१ दाखवत असेल तर चार मिळवून वाचायचं. या अख्ख्या विषयातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पाऊचमध्ये तत्त्व तेच: क्षाराचं दाट द्रावण, वर वाफ जाऊ देणारं पण पाणी न गळणारं पातळ आवरण. ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापून ते विकले जातात. नव्या लाकडी पेटीला ओलावा पाजण्यासाठी ८४ चाही निघाला. ओल्या फडक्याने लाकूड पुसायची आणि त्यात फळी वाकडी करून घ्यायची पद्धत त्यामुळे मागे पडली. सैल पेटीत पाऊच भराभर कडक होतात आणि खर्च वाढतो. खटक्याच्या डब्यात तेच पाऊच महिनोन्‌महिने चालतात. कडक झालेल्या पाऊचमधून गेलेलं असतं ते फक्त पाणी, क्षार आतच असतो. म्हणून काहीजण तो डिस्टिल्ड वॉटरच्या वाटीशेजारी बंद डब्यात ठेवून पुन्हा मऊ करतात.

सिलिका जेलचा प्रवास जास्त लांबचा आहे. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूच्या मुखवट्यांच्या कामातून ते आलं, पेटंट १९१९ चं. संग्रहालयांनी ते काचपेट्यांत वापरलं आणि तिथून सिगारचे ‘मणी’ निघाले. मणी महाग, म्हणून मांजराच्या पेटीतली बिनवासाची सिलिका पुढे आली. दोन्ही एकच, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. साधं सिलिका जेल कोरड्या टोकाला जोमाने शोषतं, पण ६० टक्क्यांच्या वर ते जवळपास भरून गेलेलं असतं आणि त्याची देवघेव मंदावते. ६५-७० साठी बनवलेले मणी याच पट्ट्यात जास्त पाणी फिरवतात. तरीही मांजराची सिलिका चालते, ती डबा घट्ट असतो आणि तंबाखू स्वतः बाकीचं काम करते म्हणून. निळे दाणे मात्र टाळलेले बरे. तो रंग बहुधा कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे.

ही सगळी साधनं हिवाळ्यात घरं तापवणाऱ्या, कोरड्या हवेच्या देशांत घडली. त्यामुळे ‘ह्युमिडिफायर’ म्हणजे पाणी देणारी वस्तू, हे गृहीतच धरलं गेलं. दमट प्रदेशात प्रश्न उलटा असतो: बाहेरची हवाच ८० च्या वर. तिथे फेस आणि ग्लायकोल निरुपयोगी. त्याऐवजी कोरडे मणी किंवा कमी आकड्याचे पाऊच लागतात आणि डबा जितका कमी उघडावा तितकं बरं.

शिवाय उष्णतेवर यातला एकही उपाय चालत नाही. साधारण २४-२५ अंशांच्या वर गेलं की पानात दडलेली तंबाखूच्या भुंग्याची अंडी उबायला लागतात. एका डब्यात पन्नास सिगार असतील तर पन्नासांनाही भोकं पडू शकतात. म्हणून नव्या सिगार डब्यात घालण्याआधी पिशवीत गुंडाळून काही दिवस गोठवायच्या, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतरच बाहेर. थेट बाहेर काढल्या तर थंड पानांवर दव धरतं आणि वरचं पान फाटतं.