आरएफआयडी : प्रकार आणि परिभाषा

रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तू, प्राणी किंवा कार्डे ओळखण्याच्या तंत्राला आरएफआयडी म्हणतात. ओळखायच्या वस्तूवर, प्राण्यावर किंवा कार्डात बसवलेली चिप व अँटेना म्हणजे टॅग, आणि तो वाचणारे यंत्र म्हणजे रीडर. टॅगला वीज कोठून मिळते, तो कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि किती अंतरावरून वाचला जातो, अशा वेगवेगळ्या कसोट्यांवर त्याचे प्रकार पाडतात. या कसोट्यांचे शब्द व्यवहारात सर्रास एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसते ‘यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) टॅग’ म्हटल्याने पुरेसा बोध होत नाही.

पॅसिव्ह टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या क्षेत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच त्याची चिप चालते. अ‍ॅक्टिव्ह टॅगला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा प्रेषक असतो. सेमी-पॅसिव्ह टॅगची चिप बॅटरीवर चालते, पण उत्तर मात्र रीडरचीच लहर परावर्तित करून जाते. ‘सेमी-अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द शक्यतो टाळलेला बरा, कारण तो सगळेच एका अर्थाने वापरत नाहीत. टॅगला स्वतःचा प्रेषक आहे की नाही, हे विचारले की घोळ मिटतो.

वारंवारतेनुसार होणाऱ्या विभागणीत १२५ व १३४.२ किलोहर्ट्झ म्हणजे एलएफ (निम्न वारंवारता), १३.५६ मेगाहर्ट्झ म्हणजे एचएफ (उच्च वारंवारता) आणि ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ म्हणजे यूएचएफ. रेडिओशास्त्रात यूएचएफ पट्टा ३०० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ इतका रुंद आहे. त्या हिशेबाने २.४५ गिगाहर्ट्झचे टॅगही यूएचएफच ठरतात, पण या क्षेत्रात त्यांना मायक्रोवेव्ह म्हणण्याचा प्रघात आहे. ४३३ मेगाहर्ट्झचे अ‍ॅक्टिव्ह टॅगही सहसा वेगळेच धरतात.

एलएफ आणि एचएफ टॅग चुंबकीय प्रवर्तनावर चालतात. रीडरची व टॅगची वेटोळी रोहित्राच्या दोन गुंडाळ्यांसारखी जोडली जातात, म्हणून त्यांना निकटक्षेत्री म्हणतात. निकटक्षेत्राची सीमा साधारणपणे तरंगलांबी भागिले २π इतकी धरतात. १३.५६ मेगाहर्ट्झला ती सुमारे साडेतीन मीटर भरते, ९०० मेगाहर्ट्झला जेमतेम ५ सेंटिमीटर. त्यामुळे बहुतेक यूएचएफ टॅग दूरक्षेत्रात, म्हणजे या सीमेपलीकडे, परावर्तनाने संवाद साधतात.

अंतरदर्शक शब्द सर्वांत फसवे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १४४४३ या मानकात ‘प्रॉक्सिमिटी’ म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरवर चालणारे १३.५६ मेगाहर्ट्झचे कार्ड. आयएसओ १५६९३ मधले ‘व्हिसिनिटी’ कार्ड त्याच वारंवारतेवर सुमारे मीटरभर अंतरावरून वाचता येते. दरवाजांची कुलपे विकणारे मात्र १२५ किलोहर्ट्झच्या कार्डालाही बिनदिक्कत प्रॉक्सिमिटी कार्ड म्हणतात, आणि ते १४४४३ च्या रीडरवर चालत नाही. मोबाइल टेकवून पैसे देताना वापरले जाणारे एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झच्याच कुळातले, तर ‘रेन’ हे आयएसओ १८०००-६३ वर चालणाऱ्या पॅसिव्ह यूएचएफचे व्यापारी नाव. त्याच तंत्राला ‘क्लास १ जेन २’ असेही म्हणतात. यातला क्लास टॅगची क्षमता सांगतो, तर जेन प्रोटोकॉलची, म्हणजे संवादाच्या नियमांची, पिढी.

नेमकेपणा हवा असेल तर मानकाचा क्रमांकच द्यावा : १८०००-२ एलएफसाठी, -३ एचएफसाठी, -७ हा ४३३ मेगाहर्ट्झच्या अ‍ॅक्टिव्ह टॅगसाठी. अर्थात १८०००-३ मध्येही परस्परांशी न जुळणाऱ्या तीन कार्यपद्धती आहेत, तेव्हा तिथे पद्धतीचा क्रमांकही जोडावा लागतो.