स्लॉथांच्या मेंदूचा आकार : हयात आणि नामशेष प्राण्यांची तुलना

स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो हे झेनार्थ्रा या सस्तन गणसमूहाचे आजचे प्रतिनिधी. या हयात प्राण्यांच्या आणि त्यांच्या नामशेष नातलगांच्या कवटीतील पोकळीवरून मेंदूच्या बाह्य आकाराची तुलना करणे हा पुराजीवशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. मेंदू मऊ असल्यामुळे जीवाश्मात टिकत नाही. टिकते ती त्याच्याभोवतीची हाडाची पेटी, आणि सगळे अनुमान त्या पेटीच्या आतल्या भिंतीवरून करावे लागते.

या गटाची आजची स्थिती पाहिली म्हणजे जीवाश्मांशिवाय हा अभ्यास का पुढे जात नाही ते कळते. स्लॉथांच्या दोनच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) उरल्या आहेत : तीन बोटांचा ब्रॅडिपस आणि दोन बोटांचा कोलोइपस. दोन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेतील जंगलांत झाडांना उलटे लटकून राहतात. याउलट नामशेष स्लॉथांच्या प्रजाती डझनावारी आहेत. त्यांत सुमारे चार टनांचा मेगाथेरियम होता, जमिनीवर वावरणारे मायलोडॉन आणि ग्लोसोथेरियम होते, आणि पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रात चरणारा थॅलॅसोक्नसही होता. मुख्य भूमीवरचे मोठे स्लॉथ हिमयुगाच्या अखेरीस संपले. कॅरिबियन बेटांवरचे काही त्यानंतरही हजारो वर्षे तग धरून होते. थोडक्यात, आज दिसतात ते या कुळाचे अपवाद आहेत, नमुने नव्हेत.

कवटीच्या पोकळीच्या साच्याला एंडोकास्ट म्हणतात. कधी कवटीत गाळ भरून तो दगड होतो आणि साचा आपोआप तयार मिळतो. एकोणिसाव्या शतकात पोकळीत प्लास्टर ओतून साचे काढत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पॉल झेर्व्हे याने १८६९ मध्ये या गटातील हयात आणि जीवाश्म प्राण्यांच्या मेंदूच्या आकारांवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे टिली एडिंगर या जर्मन विदुषीने जीवाश्म मेंदूंच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. आता सीटी स्कॅन करून कवटीला धक्का न लावता संगणकावर पोकळी भरतात. मग साच्यावर ठरावीक जागी खूणबिंदू मांडून त्यांच्या स्थानांची सांख्यिकी तुलना करतात. हिला भौमितिक आकारमिती म्हणतात. तिच्यामुळे ‘लांबट’, ‘गोलसर’ अशा सैल वर्णनांना मापांचा आधार मिळाला.

साचा म्हणजे मेंदू नव्हे, हे मात्र विसरून चालत नाही. मेंदू आणि हाड यांच्यामध्ये आवरणे आणि रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे मेंदूवरच्या वळ्यांचा ठसा पुसट उमटतो. हातमोज्यावरून हात ओळखावा तसे हे काम आहे : बोटे किती ते कळते, नखे कळत नाहीत.

बाहेरच्या कवटीवरून अंदाज बांधणे तर त्याहून फसवे. ग्लोसोथेरियमसारख्या मोठ्या स्लॉथांच्या कवटीच्या हाडांत हवेच्या मोठमोठ्या पोकळ्या असतात. डोके भले मोठे दिसते, पण मेंदूची जागा त्या मानाने बरीच लहान असते. कवटी स्कॅन केल्यावर हे दोन आकार एकमेकांपासून किती स्वतंत्रपणे वाढले ते एका आडव्या छेदातच दिसते.

साच्याच्या पुढच्या टोकाला वास घेण्याशी संबंधित घ्राणकंद, मध्ये प्रमस्तिष्क (मोठा मेंदू) आणि मागे अनुमस्तिष्क (लहान मेंदू) असा क्रम असतो. आर्माडिलोंमध्ये घ्राणकंद ठळक असतात आणि अनुमस्तिष्क प्रमस्तिष्काखाली न झाकता उघडे राहते. ग्लिप्टोडॉन हे त्यांचे अवाढव्य, चिलखती नातलग. शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू फारच लहान होता. मुंगीखाऊंमध्ये फरक मुख्यतः देहमानाचा दिसतो : महाकाय मुंगीखाऊच्या मेंदूवर भरपूर खाचा-वळ्या असतात, तर चिमुकल्या रेशमी मुंगीखाऊचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. प्राणी मोठा तसा मेंदू वळ्यांचा, हा सस्तन प्राण्यांत सर्वत्र आढळणारा कल आहे. म्हणून मोठ्या स्लॉथाच्या साच्यावर जास्त खाचा दिसल्या की त्याला लगेच ‘हुशार’ ठरवणे चूक आहे. आधी आकारमानाचा परिणाम वजा करावा लागतो, आणि अनेक जुन्या तुलना नेमक्या इथेच कच्च्या राहिल्या.

साच्याच्या तळाकडची बाजू माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. मेंदूतून निघणारे मज्जातंतू ज्या छिद्रांतून बाहेर पडतात, तिथे साच्यावर खुंट उमटतात. खुंट जाड असेल तर मज्जातंतूला वाट मोठी होती. जिभेकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे छिद्र ग्लोसोथेरियममध्ये लक्षात येण्याइतके मोठे आहे. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याने एकोणिसाव्या शतकात कवटीच्या एका तुकड्यावरून ते टिपले आणि या प्राण्याची जीभ मोठी असावी असे अनुमान केले. स्कॅनमुळे आता या वाटा पोकळीच्या आतून, पूर्ण लांबीभर मागोवा घेत पाहता येतात.

ग्लोसोथेरियमच्या साच्याची संगणकीय पुनर्रचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हा जमिनीवरचा प्राणी ब्रॅडिपसपेक्षा कोलोइपसला अधिक जवळचा दिसला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, प्राचीन डीएनए आणि हाडांतील कोलॅजेन प्रथिन यांवर आधारलेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी कोलोइपसचे नाते मायलोडॉनच्या, म्हणजे ग्लोसोथेरियमच्याही, कुळाशी जुळवले आणि ब्रॅडिपसला मेगाथेरियमच्या बाजूच्या शाखेत नेले. म्हणजे झाडाला उलटे लटकणे दोन शाखांत वेगवेगळे उत्पन्न झाले. राहणी एकसारखी असूनही मेंदूचा साचा आपापल्या कुळाची खूण जपतो, ही या साऱ्या तुलनेतली सर्वांत मोलाची गोष्ट होय. ‘झाडावरचा मेंदू’ आणि ‘जमिनीवरचा मेंदू’ असे सोपे गट त्यामुळे पाडता येत नाहीत.

त्याच स्कॅनमध्ये मेंदूशेजारचा अंतर्कर्णही हाती लागतो. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या हालचालींची जाणीव देतात आणि तोल सांभाळतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत एकाच जातीच्या व्यक्तींमध्ये या नलिका एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. ब्रॅडिपसमध्ये मात्र त्यांच्या आकारात असाधारण विविधता आढळते. २०१२ मध्ये मांडलेला खुलासा असा : इतक्या संथ प्राण्याला तोलाच्या अवयवाची अचूक घडण फारशी गरजेची उरली नाही, म्हणून तिच्यावरचा नैसर्गिक निवडीचा लगाम ढिला पडला. पुढल्या वर्षी मेगाथेरियमच्या अंतर्कर्णाचे वर्णन झाले. त्याच्या नलिकांची प्रमाणे आजच्या स्लॉथांपेक्षा आर्माडिलोंसारख्या चपळ नातलगांच्या जवळ जातात. चार टनांचा हा प्राणी धावत नसेलही, पण आजच्या स्लॉथांची ती प्रसिद्ध मंद चाल त्याच्या माथी मारायला अंतर्कर्णात आधार सापडत नाही.