रंगीत पट्टी नेमकं काय धरून ठेवते?

कबड्डीचा सामना लागला की चढाईपटूच्या गुडघ्यावर निळी किंवा काळी, ताणली जाणारी चिकटपट्टी म्हणजे किनेसिओ टेप हमखास दिसते. आता ती शाळेच्या मैदानापर्यंत पोचली आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानात पाच सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब गुंडाळी मिळते. खोक्यावर स्नायूंना आधार, सांध्याला बळकटी वगैरे छापलेलं असतं आणि पोराचा गुडघा वाचेल या आशेने पालक पैसे मोजतात. गुडघा त्या पट्टीने वाचत नाही. तरीही दुखणाऱ्या गुडघ्याला ती लावल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं. माझ्या मते खरं विज्ञान आहे ते या दुसऱ्या गोष्टीत.

आधी थोडा इतिहास. खेळाडूंचा घोटा बांधायला पूर्वीपासून वापरतात ती पांढरी, न ताणली जाणारी झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी. ती सांधा जखडते. जपानमधले कायरोप्रॅक्टर (मणके आणि सांधे हाताने दाबून उपचार करणारे) केन्झो कासे यांना हालचाल मोकळी ठेवणारी पट्टी हवी होती. त्यांनी ती 1970च्या दशकात बनवली: सुती कापडात इलॅस्टिकचा धागा आणि मागे नागमोडी रेघांत लावलेला ॲक्रिलिकचा गोंद. ती लांबीत मूळच्या साधारण 140 टक्क्यांपर्यंत ताणली जाते, रुंदीत नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी 58 देशांना या गुंडाळ्या फुकट वाटल्या गेल्या. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी लावून टीव्हीवर झळकली आणि मग मागणीला तोटा राहिला नाही.

आता बळकटीचं बघू. साठ किलोच्या माणसाचं वजन म्हणजे सुमारे 600 न्यूटन बल. उडी मारून उतरताना पायावर त्याच्या कितीतरी पट भार येतो. जी पट्टी आपण दोन बोटांच्या चिमटीत सहज ताणतो, ती मुरगळणारा घोटा कशी थोपवणार? पायजम्याच्या इलॅस्टिकने बैल बांधण्यातला प्रकार आहे हा. सांधा खरोखर धरून ठेवायचा असेल तर न ताणणारी पट्टी किंवा लेस बांधायचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याचा आधारपट्टा लागतो.

कंपन्यांचे बाकीचे दावे जास्त चतुर आहेत. पट्टी त्वचेला बारीक सुरकुत्या पाडून उचलते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका (पेशींभोवतीचा वाहून नेला जाणारा पातळ द्रव) मोकळी वाहते, असं सांगतात. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 148 रुग्णांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2014मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला सुरकुत्या पडतील अशी ताणून पट्टी लावली, दुसऱ्याला न ताणता. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. दुसरा दावा असा, की पट्टी विशिष्ट दिशेने लावली की स्नायूची ताकद वाढते. हाँगकाँगच्या संशोधकांनी यावर मजेदार युक्ती केली. ही पट्टी कधी न पाहिलेले 30 जण घेतले, त्यांना पट्टी म्हणजे स्नायूंची नोंद घेणारं सेन्सर आहे असं सांगितलं आणि मांडीच्या स्नायूंची ताकद मोजली. पट्टीने काही फरक पडला नाही.

रंगांबद्दल तर बोलायलाच नको. लाल पट्टी ऊब देते, निळी थंडावा देते म्हणे. रंगच निवडायचा असेल तर राशीचे खडे विकणारा त्याच बाजारात बसलेला असतो.

मग बरं का वाटतं? कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की आपण काय करतो? चोळतो, आणि दुखणं खरंच कमी होतं. याचं कारण मज्जारज्जूत आहे.

त्वचेत निरनिराळे स्पर्शग्राही असतात. त्यांतले रुफिनीचे ग्राही त्वचा ताणली गेली की जागे होतात. चेतातंतूंच्या टोकांच्या पटलात पिएझो-2 नावाचं प्रथिन असतं. पटल ताणलं की ते उघडतं, धनभारित आयन आत शिरतात आणि विद्युतसंदेश निघतो. पिएझो प्रथिनांचा शोध अर्डेम पटापुटियन यांच्या गटाने 2010मध्ये लावला आणि त्यांना 2021च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. स्पर्शाचा हा संदेश ए-बीटा नावाच्या चेतातंतूंतून जातो. त्यांच्यावर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं जाड आवरण असतं, वेग सेकंदाला 35 ते 75 मीटर. बोथट, रेंगाळणारी वेदना सी नावाच्या तंतूंतून जाते. त्यांना आवरण नाही, वेग अर्धा ते दोन मीटर. गुडघ्यापासून मज्जारज्जूपर्यंत पाऊण मीटर अंतर धरा. सेकंदाला 50 मीटर वेगाने स्पर्श पंधरा मिलिसेकंदांत पोचतो. वेदनेला एक मीटरच्या वेगाने पाऊण सेकंद लागतो. ठेच लागल्यावर आधी ‘लागलं’ कळतं आणि मग कळ येते, ती यामुळेच.

दोन्ही संदेश मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या करड्या भागात येतात. तिथून मेंदूकडे पुढचा संदेश धाडणारी एक चेतापेशी असते आणि तिला आवर घालणारी छोटी मधली पेशी असते. ए-बीटा तंतू या मधल्या पेशीला चेतवतात, ती पुढच्या पेशीला दाबते आणि वेदनेचा संदेश क्षीण होऊन वर जातो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965मध्ये मांडलेला हा ‘गेट कंट्रोल’, म्हणजे वेदनेच्या वाटेवरच्या दाराचा सिद्धांत. त्यांच्या आकृतीतली जोडणी पुढे बरीच बदलली, पण स्पर्श वेदनेला दाबतो हा गाभा टिकला.

आता कुणी विचारेल, अंगातला शर्ट दिवसभर त्वचेला लागून असतो, त्याने वेदना का कमी होत नाही? कारण बरेचसे स्पर्शग्राही स्थिर दाबाची सवय करून घेतात. पट्टीचं वेगळं आहे. ती त्वचेला चिकटलेली असते, त्यामुळे गुडघा वाकला की त्वचा ताणली जाते, सरळ झाला की सैल होते आणि प्रत्येक पावलाला संदेश नव्याने निघतो. चाचण्यांत न ताणता लावलेल्या, म्हणजे खोट्या पट्टीनेही तेवढाच आराम पडतो यात मला म्हणूनच नवल वाटत नाही. खोटी पट्टीसुद्धा त्वचेलाच चिकटलेली असते! अर्थात ‘काहीतरी उपचार झाला’ या समाधानाचा वाटाही त्यात आहेच आणि तो किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

हे एकदा पटलं की खरेदी सोपी होते. महागडी, आकारात कापलेली पट्टी घ्यायची गरज नाही. साधी सुती गुंडाळी पुरते. मुंबई-कोकणातल्या घामात कृत्रिम धाग्याची जास्त टिकते, एवढाच फरक. पहिल्यांदा वापरत असाल तर हाताच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून एक दिवस बघा. ॲक्रिलिकच्या गोंदाची काहींना ॲलर्जी असते.

लावताना त्वचेवर तेल, क्रीम, घाम नको. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर कपड्याला अडकून सुटतात. गुडघ्याला लावायची तर गुडघा वाकवून लावा. दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं जागा अजिबात न ताणता चिकटवा, मधला भाग फार तर पाव पट ताणा. जास्त ताणली की जास्त आराम, हा समज महागात पडतो: ओढ टोकांवर येते आणि तिथे फोड येतात. मग तळहाताने घासा, गोंद उबेने धरतो. खेळायच्या तासभर आधी लावलेली बरी. तीन ते पाच दिवस राहते, अंघोळीनंतर टिपून कोरडी करायची.

जखम, पुरळ किंवा संसर्ग असलेल्या जागी लावू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर फोड आलेलाही कळत नाही, तेव्हा टाळाच. एक पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. कॅनडात 1992मध्ये बनलेले हे ओटावा नियम आजही वापरात आहेत. दुखणं कमी झालं म्हणजे मोडलेलं हाड जुळलं असं होत नाही आणि पट्टी फक्त दुखण्याशी खेळते. तिचा उत्तम उपयोग म्हणजे दुखणं थोडं दबलेलं असताना फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीचे व्यायाम उरकून घेणं. सांध्याला बळकटी येते ती त्या व्यायामांनी.

काढताना फर्रकन ओढू नका. खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबा आणि केसांच्या दिशेने, एका हाताने त्वचा मागे दाबत, पट्टी हळूहळू गुंडाळत काढा.