सायकलचे रबरी टायर आणि जमिनीतून येणारी वीज

ऑक्टोबर उजाडला की गोव्यातले सायकलस्वार पुन्हा लांबच्या फेऱ्यांना निघू लागतात. पणजीहून डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाट, फोंड्याहून मोले आणि पुढे अनमोडचा चढ, केप्याहून नेत्रावळी, हे त्यांचे आवडते रस्ते. पावसाने डोंगर धुऊन निघालेले असतात, सकाळी हवेत थोडा गारवा असतो आणि दुपार कलली की पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे मनोरे चढू लागतात. या दिवसांत सायकलस्वारांच्या बोलण्यात एक विधान हमखास ऐकू येते: सायकलला रबरी टायर असतात, त्यामुळे वीज लागत नाही. हे विधान चुकीचे आहे. मात्र ते का चुकीचे आहे याचे जे कारण सहसा सांगितले जाते, तेही अपुरेच असते आणि त्या विधानात दडलेला खरेपणाचा लहानसा अंश तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

या रस्त्यांवर भीती कशाची वाटते असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते गव्याचे. ही भीती अनाठायी नाही. गोव्याचा हा राज्यप्राणी खांद्यापाशी माणसाच्या उंचीचा असतो आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या आसपास भरू शकते. सायकलचा आवाज होत नाही, हीच इथली अडचण आहे. मोटारगाडी येते आहे हे गव्याला वळणाआधीच कळते, सायकल मात्र थेट समोर उभी ठाकते आणि दचकलेले जनावर कोणत्या बाजूला धावेल याचा भरवसा नसतो. गवा नाकातून शिटीसारखा फुसकारा सोडतो, किंवा डोके खाली घेऊन आपली कूस पूर्ण दिसेल असा आडवा उभा राहतो. त्यावेळी तो आपला आकार दाखवून आपल्याला मागे हटायला सांगत असतो, आणि आपण सायकल हातात धरून सावकाश मागे हटावे हे उत्तम. जंगलातल्या आंधळ्या वळणांवर घंटी वाजवत जाणे हा याहून साधा उपाय आहे. सापांचे म्हणाल तर सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, फुरसे आणि शेताच्या कडेला घोणस यांची गाठ पडते ती बहुधा सायकलवरून उतरून गवतात शिरल्यावर. चालत्या सायकलवर असताना क्वचितच. भटक्या कुत्र्यांविषयी इथे काही लिहायला नको, त्यांचा अनुभव प्रत्येकाला आहेच. पण या सगळ्यांपासून सावध असणारी माणसे विजेच्या बाबतीत ज्या निश्चिंतपणे झाडाखाली जाऊन उभी राहतात, ते पाहून आश्चर्य वाटते.

आधी ऋतूविषयी. गोव्यात विजेचा जोर ऐन पावसाळ्यात नसतो. तो एप्रिल-मेच्या वळिवाच्या पावसात असतो आणि पावसाळा परतताना पुन्हा वाढतो. ढगात विद्युतभार तयार होण्यासाठी बर्फ लागतो. आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला पोहोचते. त्याच्याही बऱ्याच वर, उणे दहा ते उणे वीस अंशांच्या पट्ट्यात, मऊ गारेसारखे कण, बर्फाचे बारीक स्फटिक आणि गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र असतात. गारेचे कण आणि स्फटिक एकमेकांवर आदळतात, कणांकडे ऋणभार राहतो, स्फटिकांकडे धनभार जातो, आणि जोरदार ऊर्ध्वप्रवाह हलके स्फटिक वर नेतो तेव्हा ढगाची जणू बॅटरी तयार होते. जुलैतले पावसाचे ढग पाण्याने भरलेले असले तरी त्यांतले ऊर्ध्वप्रवाह तुलनेने मंद असतात आणि पुष्कळसा पाऊस त्या थंड पट्ट्याच्या खालीच तयार होतो. म्हणून जुलैत दिवसभर कोसळणाऱ्या पावसापेक्षा ऑक्टोबरमधला दुपारचा अर्ध्या तासाचा गडगडाट सायकलस्वाराला अधिक धोक्याचा असतो.

आता टायरकडे वळू. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. सायकलच्या चाकाची रिम आणि रस्ता यांच्यात चार सेंटीमीटर अंतर धरले, तर ते अंतर ओलांडायला सव्वा लाख व्होल्टच्या आसपास विद्युतदाब पुरतो. ढग आणि जमीन यांच्यामधला दाब कोट्यवधी व्होल्टचा असतो आणि वीज काही किलोमीटर हवा भेदून आलेली असते. तिला शेवटच्या चार सेंटीमीटरमध्ये रबर आहे की हवा, याने काही फरक पडत नाही. ती टायरच्या कडेने जाईल. मोटारीत बसलेला माणूस बचावतो तोही टायरमुळे नव्हे, तर वीज गाडीच्या धातूच्या कवचावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते म्हणून. सायकलस्वाराभोवती असे कवच नसते. सायकलची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट वीज ओढून घेते, हा समजही खरा नाही. वीज ढगातून सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली येते आणि ती कुठे पडणार हे अगदी शेवटच्या टप्प्यांत, जमिनीवरून कोणत्या उंच टोकाची ठिणगी तिला आधी भेटते यावर ठरते. तिथे उंची आणि एकटेपणा महत्त्वाचा असतो, धातू नव्हे.

मात्र डोक्यावर थेट वीज पडून मरणाऱ्यांचे प्रमाण एकूण वीजबळींमध्ये अगदी थोडे असते. बहुतेकांचा घात होतो तो शेजारच्या झाडावर किंवा जवळच्या जमिनीवर पडलेल्या विजेमुळे, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग माझ्या मते हाच आहे. वीज जमिनीला भिडली म्हणजे संपली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचा प्रवाह त्या बिंदूपासून चहूबाजूंना जमिनीतून पसरत जातो. जमीन या प्रवाहाला विरोध करते, त्यामुळे वीज पडली त्या बिंदूपाशी विद्युतदाब प्रचंड असतो आणि दूर जावे तसा तो उतरत जातो. हा उतार घाटासारखा समजावा: माथ्याजवळ अतिशय उभा आणि पायथ्याकडे सपाट होत जाणारा. अशा उतारावर दोन पावले वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून उभा असलेला माणूस दोन वेगवेगळ्या दाबांना एकाच वेळी स्पर्श करत असतो, आणि त्या दोन दाबांमधला फरक एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली उतरतो.

हा फरक किती असतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. एखाद्या बिंदूवरचा दाब काढण्यासाठी जमिनीचा विशिष्ट रोध (ती प्रवाहाला किती अडवते याचे माप) आणि विजेचा प्रवाह यांचा गुणाकार करायचा आणि त्याला दोन गुणिले पाय (π, सुमारे ३.१४) गुणिले अंतर याने भागायचे. विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरू, जो सर्वसाधारण विजेत असतो. कोरड्या खडकाळ जमिनीचा विशिष्ट रोध १००० ओहम-मीटर धरू. वीज पडल्या जागेपासून २० मीटरवर दाब येतो सुमारे २ लाख ३९ हजार व्होल्ट आणि २१ मीटरवर सुमारे २ लाख २७ हजार व्होल्ट. म्हणजे मीटरभर अंतरावर ठेवलेल्या दोन पावलांमध्ये ११ हजार व्होल्टहून अधिक फरक. पावले २० सेंटीमीटरवर आणली तर तोच फरक २४०० व्होल्टच्या आत येतो. जमिनीचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटर असेल, जसा तो खारे पाणी मुरलेल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीत असू शकतो, तर मीटरभर अंतरावरचा फरक केवळ ११४ व्होल्ट उरतो. एकच वीज, एकच अंतर, आणि जांभ्याच्या कोरड्या सड्यावर व खाजनाच्या बांधावर परिणामात शंभरपटीचा फरक! खाजनात वीज निरुपद्रवी असते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या सपाट पसाऱ्यात बांधावरून जाणारा सायकलस्वार हाच सर्वांत उंच असतो आणि मग थेट विजेचा धोका पुढे येतो.

टायरमधला खरेपणाचा अंश इथेच सापडतो. चालत्या सायकलवरच्या माणसाचे दोन्ही पाय पेडलवर असतात, जमिनीला टेकलेले नसतात. दोन चाकांच्या मध्ये साधारण मीटरभर अंतर असते, म्हणजे वरच्या हिशेबातले ११ हजार व्होल्ट त्या दोन चाकांमध्ये येतील. पण त्यांना सायकलमध्ये शिरायला एका चाकाचे चार सेंटीमीटर आणि बाहेर पडायला दुसऱ्या चाकाचे चार सेंटीमीटर ओलांडावे लागतील, आणि तेवढा दाब तिथे नाही. कोट्यवधी व्होल्टपुढे निरुपयोगी ठरलेले रबर काही हजार व्होल्टपुढे मात्र कामाला येते. चिखलाने माखलेला ओला टायर इतका चांगला विद्युतरोधक नसतो हे खरे, आणि वीज पाच मीटरवर पडली तर मीटरभराचा फरक दीड लाख व्होल्टच्या वर जातो, तिथे अशा रबराचा भरवसा उरत नाही. तरीही वीस-तीस मीटरवरच्या विजेपासून पेडल मारत असलेला सायकलस्वार हा पाय फाकून उभ्या असलेल्या सायकलस्वारापेक्षा अधिक सुरक्षित आहे, असे म्हणता येते. आणि नेमके गडगडाट सुरू झाल्यावर आपण काय करतो? थांबतो, सायकल दोन मांड्यांमध्ये धरून पाय दोन्ही बाजूंना टेकतो, आणि तेही झाडाखाली.

चार पायांच्या जनावरांना हा पर्यायच नसतो. गव्याच्या पुढच्या आणि मागच्या खुरांमध्ये दीड मीटर अंतर धरले, तर वरच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला १६ हजारांहून अधिक व्होल्ट येतात, शिवाय पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेवर त्याचे हृदय असते. माणसाच्या बाबतीत पायातून पायात जाणारा प्रवाह निदान हृदयाला थोडी बगल देतो. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर २०१६च्या ऑगस्टमध्ये ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेलेले आढळले. प्रत्येकावर वेगळी वीज पडली असणे शक्य नाही; वादळात एकत्र दाटून उभ्या असलेल्या कळपाखालच्या जमिनीनेच त्यांना मारले. माळावर झाडाखाली जमलेली गुरे एका विजेत दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, त्यामागचे कारणही हेच असते.

झाडाखाली यात आणखी एका धोक्याची भर पडते. आंब्याचे किंवा वडाचे खोड विजेचे फारसे चांगले वाहक नसते. वीज शेंड्यावर पडून खोडातून उतरू लागली की खोडाच्या वरच्या आणि खालच्या भागात लक्षावधी व्होल्टचा फरक पडतो. खोडाला टेकून, मुळावर पाय ठेवून उभा असलेला, खारट पाण्याने भरलेला माणूस ही तिच्यासाठी कितीतरी सोपी वाट असते. मग ती खोड सोडून माणसावर उडी घेते. चहूबाजूंनी उघडी असलेली पत्र्याची शेड किंवा रस्त्याकडेचा उघडा थांबा यांचाही भरवसा नाही. पक्के घर किंवा धातूच्या छपराची बंद गाडी, मग ती कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाची, बस का असेना, हेच खरे आसरे.

पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे आजही गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते आणि अशा माणसाला गडगडाटात घराबाहेर पडू देत नाहीत. त्यामुळे त्या एका माणसाचे रक्षण होते हे मान्य, कारण पक्क्या घरात बसलेला कोणीही बराच सुरक्षित असतो. पण बाकीची मंडळी आपण पायाळू नाही म्हणून निर्धास्तपणे माळावर फिरतात, त्याचे काय? विजेला प्रसूतीच्या नोंदी वाचता येत नाहीत. खिशातला मोबाइल वीज ओढतो, ही पायाळूची आजची आवृत्ती आहे. तो मोबाइल बंद करण्यापेक्षा त्यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप ठेवावे. आसपास वीज पडत असल्याची सूचना ते देते.

ॲप नसले तरी कान पुरतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर ३० सेकंदांवर आले की आसरा शोधावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. घामाघूम होऊन चढत असताना अचानक समोरून थंडगार वाऱ्याचा झोत आला तर सुखावून जाऊ नये. पावसाबरोबर ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत आपल्यापर्यंत पोहोचलेली असते, म्हणजे वादळ काही मिनिटांवर आले आहे. सड्यावर असाल तर उताराकडे, वस्तीकडे पेडल मारत राहावे. समूहाने जात असाल तर एकमेकांत तीस-चाळीस मीटर अंतर ठेवावे, म्हणजे एकाच विजेत सगळे सापडणार नाहीत आणि मदतीला कोणीतरी उभे राहील. आसरा नाहीच मिळाला तर पावले जुळवून उकिडवे बसणे हा शेवटचा उपाय. त्याने थेट वीज टळत नाही, पावलांमधला फरक तेवढा कमी होतो. हात टेकून आडवे होणे मात्र चुकीचे, कारण मग मीटरभराचा हिशेब पुन्हा लागू होतो.

एवढे करूनही कोणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नये. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. वीज लागलेली बहुतेक माणसे जगतात. जी जात नाहीत पण गेल्यासारखी दिसतात, त्यांच्या बाबतीत अनेकदा हृदय थांबून स्वतःहून पुन्हा सुरू होते, मेंदूतले श्वसनाचे केंद्र मात्र अधिक काळ बधिर राहते आणि श्वास नसल्यामुळे काही मिनिटांत हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणून एकापेक्षा अधिक माणसे पडली असतील तर विव्हळणाऱ्यांना थोडे थांबवून, निपचित पडलेल्याकडे आधी धावावे, छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे लगेच सुरू करावे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ला फोन करावा. घाटात रेंज नसेल तर हा दुसरा माणूस फोन लागेपर्यंत उताराच्या दिशेने सायकल हाकत जाईल, पहिल्याने मात्र श्वास देणे थांबवू नये.