मसाल्याची गरम वाईन घरी करताना : मसाला पुडीसोबतचे माहितीपत्रक

या पुडीत 750 मिलीच्या एका बाटलीपुरता अख्खा मसाला आहे : दालचिनी 5 ग्रॅम, लवंगा 7, हिरवे वेलदोडे 4, काळे मिरे 6, चक्रीफूल 1 आणि जायपत्रीची एक पाकळी. सोबत मलमलीचा तुकडा आणि दोरा. वाईन, साखर आणि संत्रे तुम्ही आणायचे. एवढ्यात सहा जणांना चहाच्या मोठ्या कपाने एकेक कप मिळतो.

बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे ध्यानात ठेवा : उकळायचा तो मसाला, वाईन नव्हे.

आपल्या स्वयंपाकघराची सवय अशी, की चहा असो, काढा असो, आमटी असो, खळखळून उकळी आल्याशिवाय मसाला उतरला असे वाटतच नाही. वाईनला हीच सवय मारक ठरते. वाईन उकळली की तिचा फळाचा वास आणि अल्कोहोल वाफेबरोबर निघून जातात. मागे राहतो आंबटपणा आणि द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा. त्यात लवंगही उकळत राहिली तर घोट जिभेवर कडवट आणि बधिर लागतो. नुसते अल्कोहोल 78 अंशांना उकळते. 12-13 टक्क्यांची वाईन 90 अंशांच्या आसपास उकळू लागते, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर असल्याने इथे ती दोन-अडीच अंश आधीच उकळते. म्हणून मसाल्याचा अर्क आधी साखरेच्या पाण्यात काढून घ्यायचा आणि वाईन नंतर घालून 70 अंशांपर्यंतच गरम करायची.

कृती

मलमलीचा तुकडा आधी साध्या पाण्यात दोन मिनिटे उकळून पिळून घ्या, नाहीतर नव्या कापडाचा खळीचा वास उतरतो. वेलदोडे फक्त ठेचून उघडा, मिरे जरासे भरडा, दालचिनीचे दोन-तीन तुकडे करा. लवंग आणि चक्रीफूल अख्खेच ठेवा. सगळ्याची सैलसर पुरचुंडी बांधा. घट्ट बांधली तर मधल्या मसाल्यापर्यंत पाणी पोचत नाही.

पातेल्यात 150 मिली पाणी आणि 80 ग्रॅम साखर घाला (100 मिलीची लहान वाटी काठोकाठ भरली की साधारण तेवढी होते). पुरचुंडी सोडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर 10 मिनिटे उकळा. गॅस बंद करून झाकलेलेच 15 मिनिटे मुरू द्या. ही पंधरा मिनिटे वाचवू नका. वेलदोडा आणि जायपत्री यांचा वास उकळीत कमी आणि या मुरण्यात जास्त उतरतो.

आता संत्रे. हिवाळ्यात नागपुरी संत्रे मिळते, त्याची साल सैल असते आणि तिच्या आत पांढरा भाग असतो. तो पांढरा भाग, आतल्या फोडींचा पापुद्रा आणि बिया या तिन्हींतून गरम वाईनमध्ये कडूपणा सुटतो. संत्र्याच्या चकत्या टाकलेली चित्रे सगळीकडे दिसतात, पण पातेल्यात चकत्या तासभर राहिल्या की वाईन कडू होणारच. संत्रे कोमट पाण्यात चोळून धुवा, सोलाण्याने वरची केशरी साल तेवढी दोन-तीन पट्ट्यांत काढा, रस पिळून गाळा. पट्ट्या आणि रस मुरलेल्या पाकात घाला. चकत्या हव्याच असतील तर देताना कपात एकेक टाका.

मग वाईन ओता. आच अगदी बारीक. थर्मामीटर असेल तर 70 अंशांवर गॅस बंद. नसेल तर पातेल्याकडे बघत राहा : आधी तळाला बारीक बुडबुडे चिकटतात, मग पृष्ठभागावरून वाफ सरळ वर जाऊ लागते. तिथेच थांबायचे. कडेला बुडबुडे फुटू लागले म्हणजे उशीर झाला. पुरचुंडी आणि साली 5 ते 10 मिनिटांत काढून टाका. मधूनमधून चव घेत राहा, कारण मसाला कमी पडला तर पुन्हा सोडता येतो, जास्त झाला तर काढता येत नाही.

भांडे कोणते

वाईन आंबट असते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चव धातूसारखी होते. कल्हई गेलेले पितळ किंवा तांबे तर मुळीच नको. आंबट पदार्थ त्यातले तांबे ओढून घेतो आणि ते पोटाला अपायकारक असते. लोखंडी कढईत वाईनचा तुरट अंश लोखंडाशी मिळून काळपट रंग धरतो. जाड बुडाचे स्टीलचे पातेले किंवा न टवका उडालेले चिनी लेपाचे भांडे घ्या. कुकर वापरू नका. शिट्टीतून अल्कोहोलची वाफ ज्योतीवर येते आणि ती पेट घेऊ शकते. याच कारणाने, वरून ब्रँडी घालायची असल्यास पातेले गॅसवरून उतरवून मगच घाला.

वाईन कोणती

महाग बाटली इथे वाया जाते, पण बिघडलेली बाटलीही मसाल्याने सुधारत नाही. गोड नसलेली, ताजी, 12 ते 13 टक्क्यांची लाल वाईन चांगली. शिराझ द्राक्षाची वाईन आम्हाला या कामाला सर्वांत योग्य वाटते, तिच्यात मुळातच मिऱ्यासारखा वास असतो. ओकच्या पिंपात बराच काळ ठेवलेली वाईन टाळा. लाकडाचा तुरटपणा गरम केल्यावर पुढे येतो. खानापूर भागात आणि गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत 'पोर्ट' नावाची गोड लाल वाईन नेहमीची आहे. ती घेतलीत तर साखर अजिबात घालू नका, 150 मिली पाण्यात नुसता मसाला उकळा आणि संत्र्याच्या रसाबरोबर एक लिंबूही पिळा.

बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्या. चोर्ला घाटातून किंवा चंदगडकडून येताना गाडीत टाकून आणू नका, परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून दारू आणणे गुन्हा आहे.

साखरेऐवजी गूळ चालेल का, असे बरेच जण विचारतात. आपल्याकडे गूळ उत्तम मिळतो, पण या कामाला तो आम्ही सुचवत नाही. वाईन गढूळ होते आणि उसाची चव फळाच्या वासावर बसते. मध चालतो, 70 ग्रॅम घ्या आणि वाईन गरम झाल्यावर शेवटी मिसळा. रोमन लोकही मध आणि मिरे घालून वाईन करत असत, तेव्हा हा प्रकार जुनाच आहे. जर्मनीत याला ग्लूवाईन म्हणतात. स्वीडनमधल्या ग्लॉगमध्ये कपात बदाम आणि बेदाणे टाकतात. आपल्याला ते सहज जमेल, अथणी आणि विजयपूरकडचा बेदाणा घरोघरी असतोच. कपाला आठ-दहा बेदाणे आणि दोन सोललेले बदाम पुरेत.

पुडी संपल्यावर सुटा मसाला घेताना

लवंग पाण्यात टाकून बघा. चांगली लवंग बुडते किंवा देठ खाली करून उभी तरंगते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते, तिच्यात काही उरलेले नसते. नखाने दाबल्यावर ओलसर तेल दिसायला हवे. दालचिनी म्हणून बाजारात बहुतेक वेळा जाड, कडक साल मिळते. ती तिखट आणि चांगली असते, पण फार वेळ उकळली तर पाक बुळबुळीत होतो, म्हणून दहाच मिनिटे. श्रीलंकेची पातळ, कागदासारख्या अनेक गुंडाळ्यांची दालचिनी मऊ आणि गोडसर असते, ती 7 ग्रॅमपर्यंत घ्या. दळलेला मसाला वापरू नका. तो गाळला जात नाही आणि शेवटचा घोट चिखलासारखा लागतो.

बिघडले तर

कडू झाली असेल तर साखर वाढवून भागत नाही, कडू आणि गोड दोन्ही लागते. आधी पुरचुंडी आणि साली काढा, चिमटीच्या टोकाएवढे मीठ घाला (मिठाने कडूपणा दबतो), आणि बाटलीत थोडी वाईन राखून ठेवली असेल तर ती मिसळा. म्हणूनच कपभर वाईन आधीच बाजूला ठेवावी. आंबट लागली तर 10-10 ग्रॅम साखर गरम पाण्यात विरघळवून घाला. पाणचट लागली तर तोपर्यंत अल्कोहोल उडालेले असते. ती तशीच प्यावी, आटवत बसू नये. शिरक्यासारखा वास मात्र बाटली उघडून बरेच दिवस झाल्याची खूण. ती वाईन गरम करूच नका.

मोठ्या बैठकीसाठी

गच्चीवर शेकोटी आहे, वीस-पंचवीस माणसे आहेत, तर चार बाटल्या लागतील. पाणी आणि साखर चौपट, मसाला तिप्पटच, म्हणजे तीन पुड्या. मोठे पातेले गरम व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मसाला जास्त उतरतो. पाक आदल्या दिवशी करून, गाळून फ्रिजमध्ये ठेवता येतो. संध्याकाळी घाई होत नाही. तयार वाईन गॅसवर ठेवून देण्यापेक्षा स्टीलच्या थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी उकळत्या पाण्याने गरम करून घ्या. पातळ काचेचे गिलास तडकतात आणि स्टीलचा पेला ओठाला भाजतो, चिनी मातीचे कानाचे कप बरे. दिवस ठरवताना मार्गशीर्षातले गुरुवार आणि संकष्टी बघून घ्या, निम्मी मंडळी त्या दिवशी हात लावणार नाहीत. सोबत चंदगडचे खारवलेले काजू, भाजलेल्या शेंगा, तिखट चिवडा. कुंदा नंतर द्या, दोन्ही गोड एकत्र आले की दोन्ही फिके पडतात. उरलेली वाईन मसाला काढून, बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

न पिणाऱ्यांसाठी

गरम केल्याने अल्कोहोल उडून जाते, हा समज चुकीचा आहे. 70 अंशांवर ते बहुतेक तसेच राहते. म्हणून 21 वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, औषधे चालू असलेली माणसे आणि गाडी चालवून घरी जाणारे यांच्यासाठी वेगळे पातेले आणि वेगळा डाव ठेवा. काळ्या द्राक्षांचा बिनसाखरेचा रस 750 मिली, 150 मिली पाणी, हीच पुडी, 6 आमसुले. साखर नको. रसात वाईनचा तुरटपणा नसतो, म्हणून मसाल्याचे पाणी गॅसवरून उतरवल्यावर त्यात चमचाभर चहापूड तीन मिनिटे ठेवून गाळा. लहान मुलांच्या कपासाठी चहापूड वगळा. आमसुले शेवटच्या पाच मिनिटांत घाला आणि काढून टाका, नाहीतर आंबटपणाच वर येतो.

पुडी कोरड्या डब्यात, गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. सहा महिन्यांत वापरावी. त्यानंतर वेलदोड्याचा वास आधी जातो, लवंग मागे राहते आणि तोल बिघडतो.