निंदण संपतं, भूक संपत नाही

४५ वर्षांची, पाच फूट उंचीची बाई ७० किलोवरून ६० किलोवर आली, की तिच्या शरीराचा रोजचा खर्च साधारण २०० ते ३०० कॅलरींनी उतरतो. म्हणजे ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकर, नाहीतर दोन मोठे चमचे तेल. वजन उतरवताना जे ताट चाललं तेच पुढं चालवलं, तर वजन कुठंतरी येऊन थांबतं. ‘झालं आता’ म्हणून जुनं ताट परत मांडलं, की काही महिन्यांत ते चढतं. गावात याला जिभेचे चोचले म्हणतात, पण दोष एकट्या जिभेचा नसतो.

खर्च उतरण्याचं एक कारण सरळ आहे. शरीर लहान झालं, दहा किलोचं ओझं कमी वाहायचं, तेवढं कमी पोसायचं. दुसरं कारण जास्त चिवट आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या गटानं ते १९९४ मध्ये शोधलं. चरबी घटली की लेप्टिनही घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो, दुष्काळ पडला. मग थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक थोडं खाली येतं, स्नायू तेच काम कमी इंधनात उरकतात आणि माणूस नकळत कमी हलतो. पाऊस लांबला की कणगीतली ज्वारी पुरवून पुरवून काढणाऱ्या घराला ही रीत नवी नाही.

अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ‘मेटाबॉलिझम बिघडला’ ही ओरड तेव्हापासून फार वाढली. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ज्यांचा खर्च जास्त मंदावला होता, त्यांनीच वजन जास्त टिकवून धरलं होतं. म्हणजे मंदावलेल्या शरीरानिशीही वजन टिकवता येतं.

खरी ओढाताण भुकेशी असते. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकं उतरलेली होती. हा अभ्यास २०११ चा. दुसऱ्या एका गणितानुसार उतरलेल्या दर किलोमागं खर्च रोज २०-३० कॅलरींनी घटतो, तर भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाची भूक एक पूर्ण जेवण जादा मागत असते, तेही रोज. म्हणून भुकेशी रोज भांडण्यापेक्षा घरातली व्यवस्था बदलणं सोपं.

विदर्भात ही व्यवस्था कॅलेंडरशी बांधलेली आहे. निंदणाचा एक तास ६० किलोच्या बाईचे साधारण २०० कॅलरी खातो. ओसरीवर बसून डाळ निवडण्याचा तास ८०-९० खातो. पाच तासांच्या मजुरीचा फरक ५००-६०० कॅलरींचा झाला. आषाढ-श्रावणात निंदण, डवरणी, दिवाळीपासून ओटी बांधून कापूस वेचणी, मग तूर, मग हरभरा. होळी झाली की वावर रिकामं. तिथून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत कामाचे हे ५००-६०० कॅलरी जातात, भाकरी मात्र तेवढ्याच राहतात. वर लग्नसराईच्या पंगती आणि ४५ अंशांचं ऊन, म्हणजे दिवसभर घरातच बसणं. दवाखान्यात ‘काहीच जास्त खात नाही, तरी वजन वाढलं’ म्हणणारी बाई बहुतेकदा खरंच बोलत असते. तिनं जास्त खाल्लेलं नसतं, कमी खायचं राहून गेलेलं असतं.

तेव्हा रिकाम्या महिन्यांचं ताट वेगळं ठेवावं. संध्याकाळची एक भाकर कमी, तिच्या जागी बरबटी नाहीतर अंबाडीची भाजी वाटीभर जास्त. सकाळी सातच्या आत पांदणीनं पाऊण तास ते तासभर चालणं. दहा वाजल्यानंतर उन्हात चालू नये, त्यात फायद्यापेक्षा उष्माघाताची भीती मोठी. संत्रं सोलून खावं. रसाच्या एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि चोथा चाळणीतच राहतो. चहाचा हिशेबही इथंच करावा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी. वावरात पाच कप झाले की २००, आणि ते जेवण म्हणून कुणी मोजत नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र तेलाची. एका माणसाला दिवसाला २५ ग्रॅम तेल धरलं, तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो लागतं आणि १५ किलोचा पिपा पाच महिने पुरायला हवा. पिपा आणला त्या दिवशी झाकणावर तारीख लिहून ठेवा. तो अडीच महिन्यांत संपत असेल, तर ‘आमच्याकडं तेल बेताचंच असतं’ या वाक्याचा निकाल लागला. भाजीवर तर्री आल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे मान्य. पण तर्री म्हणजे वर तरंगणारं तेलच. रस्सा होऊ द्यावा, भांडं दहा मिनिटं स्थिर ठेवावं आणि वरचं तेल पळीनं काढून दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला वापरावं. तिखटपणा आणि मसाल्याचा वास तेलासोबत थोडा जातो, पण तोच दुसऱ्या दिवशीच्या फोडणीत उतरतो. जवसाची चटणी चांगली, पण तिच्यावर कच्चं तेल ओतून खाल्लं की हिशेब परत बिघडला. फल्ली म्हणजे शेंगदाणे पौष्टिक आहेत यात वाद नाही, फक्त मूठभर म्हणजे ३० ग्रॅमला १७० कॅलरी पडतात.

ताटातून भाकर काढली तरी प्रथिनं कमी होऊ देऊ नयेत. पोट भरल्यासारखं तीच जास्त वेळ ठेवतात आणि स्नायू त्यांच्यावर टिकतो. ६० किलोच्या माणसानं दिवसाला साधारण ६० ग्रॅम गाठावीत. दिवसभरात १५० ग्रॅम ज्वारीचं पीठ १५ ग्रॅम देतं, ६० ग्रॅम तुरीची डाळ १३, दोन अंडी १२, मूठभर भिजवलेला हरभरा ७-८ आणि दूध-दही मिळून अर्धा लीटर १५-१६. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम डाळ वाढवावी. पातळ वरण इथं दगा देतं. वाटीत पाणीच जास्त, डाळ १५ ग्रॅमही भरत नाही, म्हणून डाळ शिजवण्याआधी मोजावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत.

स्नायूंबद्दल बरंच फुगवून सांगितलं जातं. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी जाळतो, त्यामुळं ‘मसल वाढवा, झोपेत चरबी जाळा’ ही निव्वळ जाहिरात. तो जपायचा तो रक्तातली साखर ओढून घेतो म्हणून आणि म्हातारपणी खाटेवरून उठता यावं म्हणून. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा भाग स्नायूंचा असतो. एक दिवसाआड १५ मिनिटं पुरतात. हात न टेकता ओट्यावरून उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले पाच-पाच लीटरचे कॅन घेऊन अंगणाच्या चार फेऱ्या, आणि हे सगळं तीनदा. सोपं वाटू लागलं की ओटा सोडून बुटक्या स्टुलावरून उठावं. गुडघा दुखत असेल तर उलट, उंच बैठक घ्यावी.

वजनकाटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला की चुकीचं वजन दाखवतो, कारण खालची जमीन दबते आणि तिरपीही असते. काटा फरशीवर ठेवावा, फरशी नसेल तर न डुगडुगणाऱ्या जाड फळीवर. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करावं. घरी काटा नसेल तर आरोग्य उपकेंद्रात जावं, पण दर वेळी त्याच काट्यावर. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सव्वा-दीड किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नये. ग्लायकोजेन म्हणजे शरीरानं साठवलेली साखर, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरतो, मीठही पाणी धरतं, आणि तीन-चार दिवसांत ते उतरतं. दोन आठवडे मागोमाग दीड-दोन किलो जास्तच दिसलं, तर ती चरबी समजावी आणि त्याच आठवड्यात तेल व संध्याकाळची भाकर आवरावी. पाच किलो चढेपर्यंत वाट पाहिली की पहिल्यापासून सुरुवात. अमेरिकेत ३१४ जणांवर झालेल्या २००६ च्या अभ्यासात नियमित वजन करून अशीच रेघ पाळायला शिकवलेल्या आणि समोरासमोर भेटत राहिलेल्या गटात, नुसती पत्रकं मिळालेल्या गटापेक्षा वजन परत चढलेले लोक बरेच कमी निघाले.

मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या ७० किलोच्या शरीराला ठरवून दिलेल्या असतात. वजन उतरल्यावर तेवढ्याच गोळ्यांनी साखर किंवा बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. वावरात अचानक घाम, थरथर आणि डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि डोस बदलून घेण्यासाठी डॉक्टरांकडं जावं, गोळ्या मनानं बंद करू नयेत. आणि खाणं परत पहिल्यासारखं सुरू करूनही काटा खालीच सरकत राहिला, तर खुशीत राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मधुमेहासाठी रक्तातली साखर आणि क्षयासाठी थुंकी, दोन्ही तपासून घ्यावं.