सांडपाण्यात पारा असेल तर: कन्सेंटचा अर्ज, कागदपत्रे आणि जैवउपलब्धतेची तपासणी

प्रक्रिया केलेले सांडपाणी बाहेर सोडायचे तर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ च्या कलम २५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कारखान्यांत सगळे तिला 'कन्सेंट' म्हणतात. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत पाऱ्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, मग पाणी नदीत जावो, सार्वजनिक गटारात किंवा समुद्रात. ही मर्यादा एकूण पाऱ्याची. त्यातला किती पारा जिवाणूंच्या आणि माशांच्या शरीरात शिरू शकेल, म्हणजेच त्याची जैवउपलब्धता, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. तुमचे पाणी मासेमारी चालणाऱ्या खाडीत जात असेल, तर ही दुसरी तपासणीही करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणाला लागू?

पारा-सेल पद्धतीचे जुने कॉस्टिक सोडा कारखाने, फ्लुरोसंट दिवे, थर्मामीटर, ई-कचरा ही ओळखीची नावे. पण "आमच्याकडे पारा नाही" म्हणणाऱ्यांनी आधी ईटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, प्रयोगशाळा पाहावी. सीओडी (पाण्यातल्या प्रदूषकांची रासायनिक ऑक्सिजन मागणी) मोजण्याच्या जुन्या पद्धतीत क्लोराइडचा अडथळा टाळायला दर चाचणीला साधारण ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घालतात. त्यात सुमारे ०.२७ ग्रॅम पारा असतो. तो सिंकमध्ये ओतला तर मर्यादेखाली यायला २७ हजार लिटर पाणी लागेल! हे द्रावण वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणूनच द्यावे.

कागदपत्रे

अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. जागेचा पुरावा किंवा एमआयडीसीचे वाटपपत्र, भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला (फी त्यावर ठरते), उत्पादन प्रक्रियेचा फ्लो चार्ट, ईटीपीचा तपशील आणि आराखडा, आधीचे संमतीपत्र व त्यातल्या अटींचा पूर्तता अहवाल, लागू असल्यास सीईटीपी (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आणि घातक कचरा केंद्राच्या सदस्यत्वाची पत्रे. या सगळ्यात सर्वाधिक वेळ पाण्याच्या ताळेबंदाला द्या. आत आलेले पाणी, बाष्पीभवन, पुनर्वापर आणि बाहेर गेलेले पाणी यांची बेरीज जुळत नसेल, तर पहिली शंका तिथेच निघते. ईटीपीच्या गाळात पारा साठतो, म्हणून घातक कचरा नियम २०१६ खालचे प्राधिकारपत्रही त्याच अर्जात मागावे.

नमुना आणि तपासणी

तपासणी अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच हवा. पाऱ्याचा नमुना साध्या प्लास्टिकच्या कॅनमधून पाठवू नका. काही पारा भिंतीला चिकटतो, काही उडून जातो. काचेची किंवा फ्लुरोपॉलिमरची बाटली वापरून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणावा.

जैवउपलब्धतेसाठी एक आकडा पुरत नाही. एकूण पारा, ०.४५ मायक्रॉन गाळणीतून गेलेला विरघळलेला पारा आणि मिथिल पारा (माशांत साठणारे पाऱ्याचे सेंद्रिय रूप) हे तीन वेगळे मोजून घ्या. मिथिल पाऱ्याच्या बाटलीत नायट्रिक नको, हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. कणांना चिकटलेला पारा जिवाणूंना सहज मिळत नाही, विरघळलेल्यातला काही भाग मिळतो; किती, ते पाण्यातल्या इतर घटकांवर ठरते. म्हणून सोबत विरघळलेला सेंद्रिय कार्बन, सल्फेट आणि सल्फाइडही तपासावेत. शक्य असेल तर पाण्यात जेलचे पॅसिव्ह सॅम्पलर काही दिवस ठेवावेत; त्यांत मोकळा, सहज सुटणारा पारा अडकतो.

खरी गोम मात्र आउटलेटच्या पलीकडे आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात मुख्यतः सल्फेट वापरणारे जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात आणि तो माशांत साठत जातो. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात हाच मिथिल पारा थेट कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता. तिथले मासे खाऊन लोकांना झालेला मिनामाता आजार अधिकृतपणे १९५६ मध्ये नोंदला गेला. म्हणून आउटलेटच्या आधीच्या आणि पुढच्या प्रवाहातला गाळ, आणि एकाच जागी राहणारे छोटे मासे किंवा शिंपले यांचे नमुने घेतल्याशिवाय अहवाल अर्धाच राहतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पारा-नियोजनात लक्ष्ये माशांच्या मांसातल्या पाऱ्यावर ठरवली आहेत, ती याच कारणाने.

हा अहवाल जोडपत्र म्हणून द्यावा, पण त्याच्या आधारे सवलत मागू नये. "पारा आहे, पण माशांना मिळत नाही" हा युक्तिवाद ०.०१ च्या पुढे गेलेल्या नमुन्याला वाचवत नाही.

अर्जानंतर

क्षेत्र अधिकारी पाहणीला येतात. कायदेशीर नमुना कलम २१ प्रमाणे घेतात. त्याचे दोन भाग करून घेण्याचा तुमचा हक्क त्याच वेळी मागावा लागतो. परिपूर्ण अर्जावर ४ महिन्यांत निर्णय झाला नाही तर कलम २५(७) प्रमाणे संमती मिळाली असे मानतात, पण त्रुटीचे पत्र आले की अर्ज परिपूर्ण होता हे दाखवणे अवघड जाते. नकार किंवा जाचक अट आली तर कलम २८ खाली अपिलाला ३० दिवस असतात. संमती मिळाल्यावर दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, आणि घातक कचऱ्यासाठी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ भरायचा. पाऱ्याचे आकडे दोन्हीकडे जुळतात ना, हे भरण्याआधी एकदा ताडून पाहा.